चाळीस नग

"चाळीस झाडं, उद्या दहाच्या आत,"
दुसाने फोनवर म्हणाला,
"साहेब येणारेत, दाखल्याचं बघायला."
उंची किती, मी विचारलं.
"नकाशात असेल तेवढी."

नकाशात झाड म्हणजे हिरव्या पेनाचा गोल,
मधे टिंब.
टिंबाला पाणी लागत नाही.

माझी नर्सरी मखमलाबाद रोडला.
पाटी उन्हानं पुसली, तरी लोक
थेटेबाईंची म्हणून शोधत येतात.
रोपं विकते, आणि, लपवू कशाला,
भाड्यानंही देते.
दोन दिवसांचं भाडं, वर अनामत,
पिशवी फाटली तर त्याचे वेगळे.

पाथर्डी फाट्याच्या पुढे
चार वर्षांमागं थॉमसनची बाग होती.
एक गंजका अँगल अजून बांधावर उभा आहे,
बाकी सात मजले.
कुंपणाच्या आतून चहूकडं
दीड मीटरची पट्टी सोडलेली, नियमाला धरून.
पट्टीत फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या गोण्या,
त्यावर चार बोटं लाल माती,
मांडवात खड्डा झाकायला
सतरंजी टाकतात तशी.

आम्ही पिशवीसकट पुरतो.
वरून माती दाबायची, कडेनं चुन्याची रेघ,
सकाळी एकदा पानांवर पाणी मारायचं,
म्हणजे फोटोत टवटवी येते.
सतरा नंबरची बकुळ तर इतकी सरावलेली
की टेम्पोत चढताना पान हलवत नाही.
सात इमारतींना तिनं दाखला मिळवून दिला.
तिचा स्वतःचा पत्ता
माझ्या वहीतला एक आकडा.

त्या खेपेला मात्र साहेब आलेच नाहीत.
आचारसंहिता लागली, मग साहेबांची बदली,
मग नव्या साहेबांच्या घरचं लग्न.
मार्गशीर्षात नेलेली झाडं
चैत्र लागला तरी तिथंच.
दुसाने भाडं द्यायचा, कुरकुरत.

शेवटी दाखला झाला. मी टेम्पो घेऊन गेले.
एकेक उपटत निघालो. काही हिरवी,
काही नुसत्या काटक्या, पण पिशवीत.
कोपऱ्यावर, मीटररूमच्या बाजूला,
मी वाकून दोन्ही हातांनी ओढलं
आणि हातात पिशवी आली.
झाड आलं नाही.

लहानू वाघेरे तिथं वॉचमन. पेठकडचा.
भांडी घासायचा त्याच कोपऱ्यात,
खरकटं पाणी, तांदळाचं धुवण,
सगळं तिकडंच ओतायचा.
"नियमात बसतं का, ते मला काय माहीत,"
तो म्हणाला, "जवळ पडायचं म्हणून."
मग हळूच,
"बाई, त्यानं धरलंय."

दुसाने वरच्या मजल्यावरून ओरडला,
"कापून टाका! उद्या पेव्हर ब्लॉक येतायत,
ह्या पट्टीत सहा गाड्या बसतात."
माझ्याकडं कोयता होता.
टाइल्सच्या फटीतून एक पांढरं मूळ
खाली गेलेलं दिसत होतं,
बागेची जुनी काळी माती असते तिथवर.

मी कोयता गोणीत ठेवला.
चांगुलपणा नाही त्यात काही,
कंबर दुखत होती
आणि अनामत माझ्याकडंच होती.
लहानूनं काही न बोलता
चार विटा आणून भोवती लावल्या.
गाड्या पाच बसल्या, असं नंतर कळलं.

वहीत "गेले" नि "परत" असे दोन रकाने आहेत.
सतराच्या पुढं काय लिहावं,
मेलं म्हणावं तर खोटं,
विकलं म्हणावं तर पैसे कुठायत.
रकाना तसाच आहे.

मंगळवारी गंगापूर रोडची ऑर्डर,
पुन्हा चाळीस.
माझ्याकडं भरली एकोणचाळीस.
मग एक करंजाची फांदी तोडली,
रिकाम्या पिशवीत खोचली,
ओळीत शेवटून तिसरी उभी केली.
नवे साहेब गाडीतून न उतरता मोजत गेले,
अडतीस, एकोणचाळीस, चाळीस,
आणि खूण केली.

करंजाची फांदी दुपारी तीनपर्यंत ताजी दिसते.
साहेब साडेबाराला गेले.